चिमुकल्या रणगाड्यावरची धूळ

नवे खेळणे घरात आले की ते जपावे, पुसून ठेवावे, शक्यतो त्यावर ओरखडा पडू देऊ नये, अशी शिकवण आपण सर्वांनीच लहानपणी घेतलेली असते. सुरतेतील आमच्या बिऱ्हाडी मात्र गेली दोन वर्षे उलटीच रीत चालू आहे. आमचे चिरंजीव प्लास्टिकचे छोटे रणगाडे आणतात, डिंक लावून जोडतात, सुबक रंगवितात. आणि मग आठ-आठ दिवस खपून ते जुने, मळके व झिजलेले करतात!

हे रणगाडे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचे असतात. सहा मीटर लांबीचा रणगाडा त्यामुळे जेमतेम आठ सेंटीमीटरांचा होतो. मेजावर वाळूच्या रंगाचे कापड अंथरायचे, खाली पुस्तके सारून टेकड्या उभारायच्या, फूटपट्टीने अंतर मोजून गाड्या पुढे सरकवायच्या आणि नेम लागला की चुकला, ते फाशांनी ठरवायचे, असा हा वाळवंटातील लढाईचा खेळ आहे. त्याचे कूळ जुने आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ सालापासून अधिकाऱ्यांना नकाशावर असाच खेळ शिकवीत. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली घरगुती लढाईच्या खेळावर एक पुस्तकच लिहिले आणि खरे युद्ध ही केवढी घोडचूक आहे, हे या खेळातूनच उमगते, असे त्यात बजावले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले!

आमच्या आईला हा खेळ प्रथमपासून खुपत होता. “लढाई ही काय खेळायची वस्तू आहे?” असे ती विचारी. तिचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. येथून जवळच, तापीच्या मुखाशी, हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोचा कारखाना आहे. रणगाड्याप्रमाणेच पोलादी पट्ट्यांवर धावणाऱ्या ‘के-९ वज्र’ नावाच्या शंभर तोफा तेथून २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या सैन्याच्या हवाली झाल्या. एकेकीचे वजन सुमारे पन्नास टन! ज्या गावाच्या वेशीवर खरी आयुधे घडतात, तेथील मुलाला युद्ध म्हणजे केवळ फाशांची मौज वाटू लागली तर काय, ही चिंता आम्हांलाही होतीच.

परंतु मुलाचे रंगकाम पाहता पाहता आमचे मत हळूहळू बदलू लागले. आधी अस्तराचा हात, त्यावर वाळूचा पिवळसर रंग. तो वाळला की पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सोडायचा. तो खाचाखोचांत उतरून सावलीचा भास निर्माण करतो. पुढे जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरवायचा, स्पंजच्या कपच्याने रंग उडाल्याच्या खुणा टिपायच्या आणि शेवटी खडूच्या पुडीची धूळ चढवायची. पावसाळ्यात सुरतेच्या दमट हवेत वार्निशचा फवारा मारला तर रंगावर पांढुरकी साय धरते. म्हणून आषाढ-श्रावणात हे काम बंद असते. या कामाला धीर लागतो आणि तो आमच्या चिरंजीवांनी येथेच कमावला.

शेजारी रणगाडा दलातून निवृत्त झालेले एक रिसालदार राहतात. त्यांची अर्धी नोकरी राजस्थानच्या वाळूत गेली. मुलाने मोठ्या अभिमानाने आपला रणगाडा त्यांच्या हातावर ठेवला. तो जागोजागी गंजलेला दाखविला होता. चष्मा पुसून त्यांनी तो न्याहाळला आणि म्हणाले, “बाळ, वाळवंटाच्या कोरड्या हवेत एवढा गंज कोठला? तेथे वाळू रंग घासून काढते. खालचे पट्टे चालून चालून चकाकतात. धूळ खाली आणि मागच्या अंगाला दाट बसते. आणि या वरच्या झाकणाच्या कडेला तर धूळ ठरतच नाही. तेथे आमचे हात पडायचे.”

मुलगा क्षणभर गप्प झाला. मग त्याने विचारले, “काका, आत किती जण असायचे?”

“चौघे. नायक, तोफ डागणारा, गोळा भरणारा आणि चालक. उन्हाळ्यात आत भट्टी असते.”

त्या दिवसापासून खेळाचा रंगच पालटला. १९७१ च्या डिसेंबरात, ४ व ५ तारखांच्या मधल्या रात्री, जैसलमेर जिल्ह्यातील लोंगेवाला ठाण्यावर पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली सुमारे एकशेवीस जवान होते. त्यांनी रात्रभर ठाणे राखले. उजाडताच आपली हंटर विमाने आली आणि उघड्या वाळूत रणगाड्यांना लपावयास जागा उरली नाही. जीव वाचविण्यासाठी गरगर फिरणाऱ्या त्या गाड्यांच्या चाकोऱ्यांची वर्तुळे विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत उमटली आहेत. हा विजय आपला, त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण ती छायाचित्रे पाहताना मुलगा हलकेच म्हणाला, “प्रत्येक वर्तुळात चौघे होते.”

नंतर आम्ही त्याला अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, १९९४ साली उघडलेले रणगाडा संग्रहालय दाखविण्यास नेले. तेथे त्याने तोफांच्या नळ्यांपेक्षा झाकणांच्या कडाच अधिक वेळ पाहिल्या!

आता घरच्या खेळात त्याने स्वतःचा एक नियम घातला आहे. रणगाडा निकामी झाला की तो मेजावरून लगेच उचलायचा नाही. आधी चार फासे टाकायचे, एकेका माणसासाठी एक, आणि कितीजण बाहेर पडले ते वहीत लिहायचे. हा नियम शत्रूच्या गाडीलाही लागू आहे. यामुळे खेळ लांबतो, सोबत्यांची कुरकुर होते; पण त्याने तो सोडलेला नाही.

आमच्या आईला खेळ अजूनही आवडत नाही. तरी रविवारी संध्याकाळी डाव मोडला की ती स्वयंपाकघरातून विचारते, “आज किती माणसे वाचली रे?”

वाचकहो, मुलाच्या हातातील लाकडी तलवार वा प्लास्टिकची बंदूक हिसकावून घेणे सोपे आहे. पण त्याने मनातली लढाई संपत नाही. त्यापेक्षा त्याच्याजवळ बसावे, त्याचे काम पाहावे आणि आत कोण आहे, एवढेच विचारावे.