राजमाची : थंडीत, सगळ्यांनी मिळून!

पावसाळी ट्रेक म्हणजे चिखल, धबधबे आणि घसरून पडलेल्या मित्राचे फोटो. धमाल असते, मान्य. पण धुक्यात दहा फुटांपलीकडचं काही दिसत नाही, हेही तितकंच खरं. सह्याद्री नीट बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत निघा. आणि ऑफिसची पंधरा-वीस जणांची गँग असेल, त्यातल्या निम्म्यांचे बूट कोरे करकरीत असतील, तर डोळे झाकून राजमाची!

लोणावळ्याला उतरायचं, तुंगार्लीच्या बाजूने गाव मागे टाकायचं, की सुरू होते १५-१६ किलोमीटरची वाट. छातीवर येणारा चढ नाही, नुसतं चालणं. कुठे जंगल, कुठे मोकळं माळरान. पावसाळ्यात धो धो कोसळणारा कातळधारचा धबधबा आता गप्प असतो. गवत सोनेरी झालेलं, पायाखाली वाळकी पानं करकरतात. जानेवारी सरता सरता काटेसावर फुलते. झाडावर पान नाही, फुलं मात्र लालभडक. सावलीत स्वेटर हवासा वाटतो, उन्हात नकोसा.

पण बॉस, ग्रुपचा कस लागतो तो अशाच सोप्या वाटेवर. चढावर सगळेच धापा टाकतात. सपाटीला मात्र जिमवाली मंडळी सुसाट सुटतात आणि पहिल्यांदाच आलेला कुणीतरी मागे पडतो. पुढचे सावलीत टेकतात, चिक्की खातात. तो बिचारा पोचतो आणि त्याच क्षणी सगळे उठतात, ‘चला!’ म्हणजे विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्यालाच ती मिळत नाही. जुन्या ट्रेकर्सचा फंडा साधा आहे. वाट माहीत असलेला एक जण पुढे, एक सगळ्यात शेवटी. प्रत्येक फाट्यावर सगळे जमेपर्यंत थांबायचं आणि शेवटचा आला की खरी पाच मिनिटं मोजायची. ग्रुपचा स्पीड म्हणजे शेवटच्या माणसाचा स्पीड. सोमवारी ऑफिसात ‘पुन्हा कधी?’ असं तो विचारणार की नाही, ते इथेच ठरतं.

किल्ल्याच्या कुशीत उधेवाडी आहे. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे जुळे बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. श्रीवर्धन जास्त उंच. थंडीतल्या स्वच्छ हवेत तिथून ढाकचा डोंगर, माथेरानचं पठार आणि खाली उल्हास नदीचं खोरं दिसतं. कोकणातून घाटावर जाणाऱ्या बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवायला हा किल्ला! त्या घाटातून रेल्वे धावू लागली ती १८६३ मध्ये.

रात्री मुक्काम गावातच करा. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा... विषय संपला! फक्त एक पथ्य पाळा. आधी फोन करून जेवणाऱ्यांचा आकडा सांगा आणि तो पाळा. वीस सांगून बारा जण गेलात, तर आठ जणांच्या भाकऱ्यांचं पीठ आणि कष्ट त्या घराच्या अंगावर पडतात. कुणी गळालं तरी पैसे वीस जणांचेच द्या.

जाण्यापूर्वी...
- कसं जाल : लोकल किंवा एक्स्प्रेसने लोणावळा, पुढे पायी ४-५ तास. दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेणी बघत कोंदिवड्याला उतरा, तिथून टमटमने कर्जत. ही उतरण तीव्र आहे, घसाराही आहे. घाई नको.
- पाणी : ओढे आटलेले असतात. माणशी ३ लिटर हवंच.
- आग : वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते. वाटेत शेकोटी नाही, सिगारेटही नाही.
- वेळ : सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी आठला चालू लागा. टॉर्च प्रत्येकाकडे!