ताहितीला न गेलेली ताहितियन

अमृता शेर-गिलचं 'सेल्फ पोर्ट्रेट अ‍ॅज ताहितियन' पाहिलंय का तुम्ही? नसेल तर आधी गूगल करा, मग पुढे वाचा. चित्र १९३४ सालचं. तेव्हा ती २१ वर्षांची, पॅरिसमध्ये. उघडं अंग, मागे बांधलेले काळे केस, कमरेशी पांढरं वस्त्र आणि मागे कोणा पुरुषाची सावली.

गंमत म्हणजे ती ताहितीला कधी गेलीच नव्हती. गेला होता पॉल गोगँ, १८९१ मध्ये, युरोपला कंटाळून. तिथल्या मुलींची त्याने काढलेली चित्रं म्हणजे फ्रेंच रंगकाम आणि पॉलिनेशियन चेहरे यांची मिसळ. रंग तर खल्लास! पण ज्या तेहामानाला त्याने 'बायको' म्हणून घरात ठेवलं, ती जेमतेम १३-१४ वर्षांची होती. चित्रात ती दिसते, तिचं म्हणणं काही ऐकू येत नाही.

अमृताने काय केलं, तर त्या मुलींच्या जागी स्वतः उभी राहिली. आई हंगेरियन, वडील शीख. पॅरिसच्या लेखी तीही 'पूर्वेकडची'च. फरक एवढाच की इथे ब्रशही तिच्याच हातात आहे. आणि ती आपल्याकडे बघतसुद्धा नाही!

मला हे जरा जास्तच भिडतं. ऑनसाईटला असताना ऑफिसात 'कल्चर डे' होता. मी पक्का मुलुंडकर, निम्मं आयुष्य स्लो लोकलमध्ये गेलेलं. पण मॅनेजरला हवं होतं 'समथिंग ट्रॅडिशनल'. आई फोनवर म्हणाली, "अरे, फेटा आपल्याकडे लग्नात बांधतात, आणि तोही फेटेवाला बांधतो!" शेवटी रेडिमेड फेटा चढवला. मीटिंगमध्ये माझं वाक्य कधी पुरं होऊ न देणारेही त्या दिवशी फोटो काढायला रांगेत. असो.

अमृता मात्र त्या वेषात अडकली नाही. १९३४ च्या अखेरीस ती भारतात परतली. १९३६ मध्ये मुंबईत प्रदर्शन केलं, मग अजिंठा-वेरूळ पाहिलं आणि तशीच दक्षिणेत गेली. १९३७ च्या 'ब्राइड्स टॉयलेट'मध्ये गोगँ आहे, पण अजिंठाही आहे, आणि बायका इथल्या आहेत. पुढे चारच वर्षांत, डिसेंबर १९४१ मध्ये, लाहोरला ती गेली. वय २८.

आपलं ऑनसाईट दोन-दोनदा होतं, अजिंठा मात्र राहूनच जातं. पुढच्या लाँग वीकेंडला जळगावचं तिकीट काढतोय. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. येताय कुणी?