एक दस्तरख्वान, दोन चुली

लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीची पहिली परीक्षा स्वयंपाकघरात होते. खिम्यात वाटाणा घालायचा की बटाटा, दालच्यात दुधी हवा की नको, शीरखुर्मा किती दाट ठेवायचा, एवढ्याशा गोष्टींवरून घराघरांत अबोला धरला जातो हे आपण सर्व जाणतो. आपल्याकडे सासर आणि माहेर यांच्यात फार तर दोन-तीन जिल्ह्यांचे अंतर असते. पण सासरचे मूळ एका मुलखातले आणि माहेर दुसऱ्या, अशा घरात काय होत असेल?

याचे उत्तर मला मदिना मुनव्वरात मिळाले. दोन वर्षांपूर्वी उमराहला गेले असताना मस्जिद-ए-नबवीत असर ते मगरिबच्या दरम्यान शेजारी बसलेल्या एका तुर्की बाईशी ओळख झाली. ती बुर्सा शहरातली, माझ्यासारखीच शिक्षिका, इंग्रजी शिकवणारी. तिचे सासर ‘बोश्नाक’, म्हणजे मूळचे बोस्नियाकडचे. आजेसासरे 1950 नंतर युगोस्लाव्हियाच्या सांजाक भागातून कुटुंबकबिला घेऊन तुर्कस्तानात आले होते. ओळख होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच तिने विचारले, “तुमच्याकडेही सुनेला सासूचाच स्वयंपाक शिकावा लागतो का?” मला हसू आले. पुढचे चार दिवस आम्ही रोज त्याच जागी बसलो.

या दोन समाजांचे नाते जुने आहे. 1463 मध्ये बोस्निया उस्मानी सल्तनतीत आला आणि पुढे चारशे वर्षांहून अधिक काळ तिचा भाग राहिला. साराजेव्हो शहराला रूप देणारे गाझी हुस्रेव बेग स्वतः अशाच घरातले होते: वडील बोस्नियाच्या भागातले आणि आई सुलतान बायझीद दुसरे यांची मुलगी. त्यांनी साराजेव्होत मस्जिद उभारली आणि 1531 च्या वक्फनाम्यात तिच्यासोबत ‘इमारत’ही ठेवली. आपण इमारत म्हणजे बांधकाम समजतो. उस्मानी काळात या शब्दाचा अर्थ होता गोरगरिबांसाठी आणि मुसाफिरांसाठी चालवलेले सार्वजनिक स्वयंपाकघर. 1878 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्नियाचा ताबा घेतल्यावर मात्र उलटा प्रवास सुरू झाला. अनेक मुस्लिम कुटुंबे घरदार सोडून तुर्कस्तानाकडे निघाली आणि पुढच्या शतकातही निघत राहिली.

बोस्नियाकांची भाषा स्लाव्ह कुळातली, तुर्कीशी तिचे काही नाते नाही. पण चुलीजवळचे आणि घरातले शब्द बघा. शोरब्याला दोघेही ‘चोर्बा’ म्हणतात. साखर तुर्कीत ‘शेकेर’, बोस्नियात ‘शेचेर’. दोन्ही आपल्या शकरचे भाऊबंद. जेवायला बसायची जागा ‘सोफ्रा’. सवाबला बोस्नियात ‘सेवाप’ म्हणतात. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकताना आपल्याच अंगणात कोणी बोलत असल्यासारखे वाटते. कधी गफलतही होते. तुर्कीत ‘हाला’ म्हणजे वडिलांची बहीण. आपली खाला आईची बहीण. त्या बाईने आपल्या ‘हाला’ची गोष्ट सांगितली तेव्हा मी बराच वेळ तिची मावशीच समजत होते!

अन्नाचेही तसेच. नाव एक, पण चीज निराळी. तुर्की घरात पातळ पारीत काहीही भरून भाजले की ते ‘बोरेक’: खिमा असो, पनीरसारखे चीज असो, पालक असो वा बटाटा. बोस्नियात हे म्हटले तर गृहिणी लगेच दुरुस्ती करते. तिथे फक्त मांसाचे सारण असेल तरच ‘बुरेक’. चीजची ती सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. आणि या सगळ्यांचे मिळून नाव ‘पिता’. (आपल्याकडे पिता म्हणजे बाप, तिकडे ती आईच्या हातची!) भाजण्याचा ‘साज’ तुर्कस्तानात उलट्या तव्यासारखा असतो, त्याच्यावर पोळी भाजतात. बोस्नियात त्याच नावाचे मोठे झाकण असते. तबकावर ते झाकून वर निखारे रचतात आणि खाली पिता भाजते. तुर्की बायका द्राक्षाच्या पानात तांदूळ भरून जैतुनाच्या तेलात शिजवतात आणि थंड वाढतात. बोस्नियात हिवाळ्यात आंबवलेल्या कोबीच्या पानात मांस-तांदूळ भरून गरम गरम खातात. दोन्हीचे नाव सार्मा. आपली भेंडी दोन्हीकडे ‘बामिया’. बोस्नियातल्या प्रसिद्ध ‘बेगोवा चोर्बा’त, म्हणजे बेगच्या शोरब्यात, ती कोंबडीसोबत शिजते. आणि ‘हुर्माशित्सा’ नावाची तिथली मिठाई ऐकून खजूर शोधू नका. हुर्मा म्हणजे आपल्या शीरखुर्म्यातला खुर्माच, पण या मिठाईत खजूर नसतो. लोणी-पिठाचा लांबट गोळा भाजून पाकात बुडवतात, नाव फक्त आकारावरून.

आता त्या बाईच्या घराकडे येऊ. तुर्की पद्धतीत पारी, म्हणजे ‘युफ्का’, बारीक लांब लाटण्याने लाटतात. बोस्नियाक बायका ती लाटत बसत नाहीत. मेजावर स्वच्छ चादर अंथरून, तेल लावलेला गोळा मधोमध ठेवून, हातांच्या पाठीने चहूबाजूंनी ताणत नेतात. शेवटी पारी मेजभर पसरते आणि खालच्या चादरीची नक्षी तिच्यातून दिसू लागते. नव्या सुनेने पहिल्याच जुम्याला बाजारातून तयार युफ्का आणून बोरेक केले. सासूबाई जेवल्या आणि इतकेच म्हणाल्या, “छान आहे. पण हे आमचे नाही.”

सूनबाईंना हे फार लागले. पुढची सहा वर्षे घरात दोन चुली नव्हत्या, पण दोन स्वयंपाक होते. सासूने पिता करायची, सुनेने आपली सार्मा. दोघी एकमेकींची तारीफ करायच्या आणि शिकायला कोणीच जायचे नाही.

मग सासूबाईंच्या हाताला कंप सुरू झाला. एकटीने पारी ताणता येईना, ती फाटायची. एका रमजानमध्ये इफ्तारच्या आधी त्या मेजापाशी तशाच उभ्या राहिलेल्या सुनेने पाहिल्या. ती काही न बोलता हात धुऊन समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी सांगितले, “बोटांनी नाही, हाताच्या पाठीने.” त्या दिवसापासून पारी दोघी मिळून ताणतात. त्या वेळी सासूबाई जे बोलतात ते बोस्नियाक भाषेत बोलतात, कारण या कामाचे तुर्की शब्द त्यांना कधी लागलेच नाहीत. ही भाषा नवऱ्याला अर्धवट समजते आणि मुलांना येत नाही. “माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आजीच्या भाषेतले तीस-चाळीस शब्द येतात,” ती म्हणाली, “आणि ते सगळे या मेजावरचे आहेत. मी त्या दिवशी उभी राहिले नसते तर तेवढेही नसते आले.” दुसरी गोष्ट तिने लाजत सांगितली: आजारपणात सासूबाईंना भूक नसते तेव्हा त्या सुनेच्या माहेरची, तेलातली थंड सार्मा मागतात.

कॉफीचा वाद मात्र त्या घरात अजून मिटलेला नाही. तुर्की पद्धतीत कॉफी, साखर आणि पाणी एकत्र करून मंद आचेवर फेस आणतात, म्हणून साखर किती हे आधीच विचारावे लागते. बोस्नियात आधी पाणी उकळतात, मग ते कॉफीवर ओतून पुन्हा आचेवर धरतात. साखरेचा खडा वेगळा देतात. जेझ्वा, फिंजानला मिळताजुळता बिनदांडीचा ‘फिल्जान’ आणि एक तुकडा लोकुम असे तबक समोर येते. पाहुणा आल्यावरची कॉफी वेगळी, गप्पांची वेगळी, निरोपाची वेगळी. तिन्हींना निराळी नावे आहेत. तुर्की म्हण सांगते की एका फिंजानभर कॉफीची खातिर चाळीस वर्षे राहते.

या फिल्जानाची एक गोष्ट मला विसरता येत नाही. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. मागे राहिलेल्या बायकांना नवऱ्यासोबत कॉफी पिणे सर्वांत जास्त आठवते, हे ऐकून आइदा शेहोविच या कलावतीने घराघरांतून फिल्जान गोळा केले. ती स्वतः 1992 मध्ये बोस्नियातून निघून काही काळ तुर्कस्तानात निर्वासित म्हणून राहिलेली. 2006 पासून वेगवेगळ्या शहरांच्या चौकांत, एकदा इस्तंबूलमध्येही, हे कप मांडून त्यांत ताजी कॉफी ओतली गेली. ती कोणी पीत नाही. 2020 मध्ये हे कप खुद्द स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीत मांडले गेले.

त्या बायकांपैकी कोणाला आज विचारले की कॉफीवर पाणी आधी की नंतर, तर ती काय म्हणेल? पिणारा समोर असला तर दोन्ही पद्धती कबूल, असेच म्हणेल ना?

मदिनेहून परतल्यावर मी आठवीच्या मुलींना एक गृहपाठ दिला: घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडून पुस्तकात न मिळणारे स्वयंपाकघरातले दहा शब्द लिहून आणा. काही मुलींनी दादीचे शब्द आणले, काहींनी नानीचे. दोघींकडून आणणाऱ्या फक्त चौघी निघाल्या. सासूबाईंनो आणि सूनबाईंनो, हा गृहपाठ आपल्यालाही आहे. येत्या रमजानच्या आधी एकमेकींचा एक तरी पदार्थ समोरासमोर उभे राहून शिका, आणि तो करताना मुलींना जवळ बसवा.