वाशिष्ठीचं मीठ

वाशिष्ठी नदीच्या दाभोळ खाडीत मधल्या टप्प्यावर होडी थांबवून आम्ही दोन बाटल्या भरतो, एक वरच्यावर आणि एक तळातून. क्षारमापकाच्या काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरलं की एकाच जागेचे दोन आकडे दिसतात. खारं पाणी जड, म्हणून भरतीला ते गोड्या पाण्याच्या खालून, गाळाला धरून आत सरकतं. नवखी असताना मी जागेगणिक एकच आकडा लिहायचे. पाठ्यपुस्तकातला क्षार आणि प्रजातींचा आलेखही तसाच होता. आडोल्फ रेमाने यांनी १९३४ साली तो बाल्टिक समुद्रावरून काढला होता आणि तिथे भरती-ओहोटी जवळपास नसतेच. आमच्या खाडीला तो आलेख लावू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्यामुळे समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो. नदीतल्या माशाच्या अंगात पाणी आपसूक शिरतं, म्हणून तो भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांनी मीठ वेचून घेतो. बोय, काळुंदर, जिताडा यांना दोन्ही जमतं. पण एका कामावरून दुसऱ्यावर यायला वेळ लागतो, ताकद लागते, आणि ती वाढीच्या वाट्यातून जाते.

जिताड्याची अंडी मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. पिल्लं खाजणात वाढतात, पुष्कळशी पुढे गोड्या पाण्यात चढतात. आधी नर असलेला हा मासा मोठेपणी मादी होतो आणि अंडी घालायला पुन्हा खाली येतो. नदीतल्या मोठ्या कोलंबीचं घर गोड्या पाण्यात, पण तिची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत. पावसाळ्यात लोंढा मीठ मुखाकडे रेटतो, दिवाळीनंतर ते हळूहळू वर चढतं. या चढउतारावर दोघांचंही आयुष्य बेतलेलं आहे.

उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या रोडावतात आणि खाऱ्या पाण्याला आत मोकळी वाट मिळते. वाशिष्ठीचं तसं नाही. बंगालच्या उपसागराकडे जाणारं कोयनेचं पाणी १९६२पासून वीज करून सह्याद्रीच्या अलीकडे वाशिष्ठीत उतरतं, वर्षाला साधारण ६७.५ टीएमसीपर्यंत. विजेची मागणी वाढली की ते वाढतं, घटली की घटतं. सांडपाण्याचा प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे. पण निव्वळ स्वच्छ, गोडं पाणीसुद्धा अवेळी आलं तर पिल्लांना त्रासाचं ठरू शकतं, हे कुणाला पटवणं कठीण जातं.

भोई समाजातल्या एका काकांना ते पटवावं लागलं नाही. "मॅडम, अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी फार चढणार नाही हे ठाऊकच होतं. पण रात्रीत एवढं गोडं?" त्यांच्या जाळ्यात त्या पहाटे एकही बोय नव्हती.

भरतीचं वेळापत्रक पंचांगावरून काढता येतं, कोयनेच्या पाण्याचं नाही. पाणी सोडल्याच्या तासांची नोंद क्षारांच्या नोंदीशेजारी ठेवल्याशिवाय माझ्या माशांच्या यादीला अर्थ नाही. येत्या उन्हाळ्यात तळाशी तासातासाला क्षार मोजणारी दोन यंत्रं बसवणार आहे, एक जगबुडीच्या संगमाच्या वर, दुसरं खाली. खुंट कुठे रोवायचे ते काकांनी दाखवून ठेवलं आहे.