गलगंडाचा आकार आणि कारण

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्या एकमेकींना खेटून लागलेल्या असतात, आणि विदर्भातूनच नव्हे तर छिंदवाडा, बालाघाट, बैतूल या सातपुड्याच्या मुलुखातूनही रोगी येथे येतात. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या विकारांची चिकित्सा करताना येथे मला एक वाक्य वारंवार ऐकू येते: "डॉक्टरसाहेब, गळा फुगून राहिला, पण दुखत नाही जी." स्त्रियांच्या ध्यानात ही गोष्ट पुष्कळदा नेहमीची ठुशी घट्ट होऊ लागते तेव्हा येते.

अशा वेळी मी पाण्याचा पेला हाती देऊन एक घोट गिळायला सांगतो. श्वासनलिकेला बांधलेली ही ग्रंथी घोटाबरोबर वर सरकते आणि पुन्हा खाली उतरते. मानेतल्या इतर बहुतेक गाठी तशा हलत नाहीत. परंतु एवढ्यावरून फक्त गाठ कोठली ते ठरते. ग्रंथीचा स्राव अधिक आहे, उणा आहे, की यथोचित आहे, याचा निवाडा तिच्या आकारमानावरून कदापि होत नाही. मोठा गलगंड असूनही स्राव अगदी प्रमाणात असलेली माणसे मी नित्य पाहतो, आणि हाताला जेमतेम लागणाऱ्या ग्रंथीने शरीराची वाताहत केलेलीही पाहतो.

सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या या व्याधीचे जगभरातील सर्वांत मोठे कारण आयोडीनची उणीव हेच राहिले आहे. पावसाने आणि पुराने डोंगराळ भूमीतील आयोडीन वाहून जाते, मग ते तेथल्या धान्यातही उतरत नाही. स्राव घडवायला कच्चा माल अपुरा पडला की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाच्या द्वारे तगादा लावते, आणि त्या तगाद्यापायी अवटूच्या पेशी वाढत जाऊन प्रथम सगळी ग्रंथी सारखी फुगते व वर्षानुवर्षांनी तिच्यात लहानमोठ्या गाठी धरतात. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांग्रा खोऱ्याचे तीन भाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त व तिसऱ्यात साधे मीठ पुरविले. दोन भागांत गलगंड ओसरला, तिसऱ्यात नाही. आपल्या देशातील सार्वजनिक आरोग्याच्या दप्तरात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच सापडेल. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे १९९८ मध्ये घातलेली साध्या खाण्याच्या मिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठविली गेली, हा निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो. २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

आज माझ्यासमोर येणाऱ्या फुगीर गळ्यांमागे मात्र बहुधा निराळे कारण निघते. हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीवर उलटते. ग्रंथी टणक होते आणि हळूहळू स्राव मंदावतो. ग्रेव्ह्ज यांच्या नावाच्या विकारात तीच यंत्रणा ग्रंथीला अहोरात्र चेतविते: हात कापतात, वजन घटते, डोळे बटबटीत दिसू लागतात. दुखरी ग्रंथी बहुधा विषाणूजन्य तापानंतरची असते व आपोआप निवळते. लिथियम वा अमिओडारोनसारखी औषधेही कारण ठरतात, म्हणून औषधांचा तपशील मी आधी विचारतो. वयात येताना व गर्भारपणी किंचित फुगवटा येतो, त्याची धास्ती नको. कोबीबद्दल मात्र फुकाची भीती पसरली आहे. आयोडीन पुरेसे असताना शिजवलेल्या भाजीने काही बिघडत नाही.

एकटी गाठ असेल तर विचार वेगळा. अशा बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण कर्करोग त्यांतच दडतो. म्हणून सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे सुईची तपासणी टाळू नये. काही गलगंड छातीच्या हाडामागे उतरतात. अशा रोग्याला दोन्ही हात कानांलगत उभे धरायला सांगितले की मिनिटभरात चेहरा तांबूस होतो व श्वास कोंडतो, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकता येत नाही.

अलीकडे सुशिक्षित घरांत सैंधव व गुलाबी मीठ 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या वापरात आले आहे, याची मला खरोखर काळजी वाटते, कारण त्यांत बहुधा पुरेसे आयोडीन नसते. प्रौढाला दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला २५०. आणि गर्भाच्या मेंदूची जडणघडण आईच्या अवटू ग्रंथीच्या स्रावावर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अवलंबून असते. म्हणून दिवस गेलेल्या प्रत्येक स्त्रीला मी मिठाची पिशवी सोबत आणायला सांगतो, आणि तिच्यावर आयोडीनयुक्त असल्याची नोंद आहे की नाही ते तिच्यादेखत वाचून पाहतो.