वाट पाहण्याचें पथ्य

हृदयविकार झालेल्या गृहस्थाभोवतीं मंडळी जमते, मोतीबिंदु काढलेल्या आजोबांच्या समाचारास शेजारीपाजारी येतात. परंतु ज्याचा कोठा बिघडला आहे त्याला मात्र आपलें दुखणें दाराआड ठेवावें लागतें. पोट हा शब्द चारचौघांत चालतो, तो पोटापाण्याच्या अर्थानें. त्यापलीकडील गोष्ट निघाली कीं सभ्य माणसें दुसरीकडे पाहूं लागतात. आम्हीही आजवर असेच दुसरीकडे पाहणारे होतों; म्हणून आमच्यावरच तो प्रसंग आला तेव्हां आम्हीं तो चार महिने कोणासही कळूं दिला नाहीं.

आरंभीं आम्हीं त्यास अपचन म्हटलें. मग लग्नसराईंतील जेवणांवर दोष ठेवला. कधीं दिवसांतून पांच वेळां उठावें लागे, तर कधीं तीन दिवस कांहींच नाहीं. ओवा झाला, ताक झालें, इसबगोल झालें, एका स्नेह्यानें मोठ्या विश्वासानें दिलेलें चूर्णही झालें. सदरा सैल होऊं लागला, त्याचें श्रेय आम्हीं सकाळच्या फिरण्यास दिलें. शेवटीं पोटांतल्या कळेनें रात्रीं जाग येऊं लागली, तेव्हां डॉक्टरांकडे गेलों. वजन उतरणें, दुखण्यानें झोपमोड होणें, शौचावाटे रक्त जाणें, ह्या गोष्टी घरगुती औषधावर सोडावयाच्या नसतात, असें त्यांनीं न रागावतां, पण स्पष्ट सांगितलें. रक्ताची, शौचाची व नंतर दुर्बिणीची तपासणी ठरली. दुर्बिणीस अकरा दिवसांचा अवकाश होता.

चिंता ही मोठी बहुरूपी आहे. ती आपल्या खऱ्या वेषांत क्वचितच येते. आमच्याकडे ती दक्षतेचा वेष घेऊन आली. तासातासाला पोट चाचपावें, प्रत्येक गुरगुरण्याचा अर्थ लावावा, आणि मध्यरात्रीं पांघरुणाखालीं मोबाईल उघडून एकेक लक्षण विचारीत बसावें, असा आमचा क्रम सुरू झाला. त्या यंत्रास काय विचारावें याला मर्यादा नाहीं. पण कोणत्याही वाटेनें गेलें तरी मुक्काम कर्करोगाच्याच गांवीं पडे. वाचून झालें कीं आपण प्रकृतीची कांहीं काळजी घेतली, असें समाधान वाटे. वस्तुतः आम्हीं झोपेखेरीज कांहींच घालविलेलें नसे.

आणि ज्या पोटासाठीं ही चिंता, तेंच तिनें अधिक बिघडतें! १८२२ सालीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास बंदुकीचा बार लागला. जखम भरली, पण जठरास पडलेलें भोंक बुजलें नाहीं. विल्यम बोमाँट ह्या लष्करी डॉक्टरानें त्या भोंकांतून पचनाची क्रिया वर्षानुवर्षें न्याहाळून १८३३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. क्रोधानें व भीतीनें जठराचें अस्तर पालटतें, असें त्यानें नमूद करून ठेवलें आहे. आतड्यांच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचें जाळें असून त्याचें मेंदूशीं दोन्ही दिशांनीं दळणवळण चालतें, हें आतां सर्वमान्य आहे. म्हणजे चिंतेनें कळ, आणि कळेनें चिंता! मात्र यावरून सारें दुखणें मनाचेंच, असा निकाल देणें धोक्याचें. खरोखर रोग असलेल्या माणसासही चिंता होतेच. रोग आहे कीं नाहीं, हें तपासणीनेंच ठरावयाचें.

सहाव्या रात्रीं आम्ही स्वयंपाकघरांत अंधारांत पाणी पीत उभे होतों. तोंच मागून आवाज आला, "अहो, दिवा लावूं का? रोज चांचपडत येतां, म्हणून विचारलें."

त्या 'रोज' शब्दानें आमचें गुपित संपलें. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. सौभाग्यवतीनें धीराचे शब्द उच्चारले नाहींत. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबांनींही असेंच लपविलें होतें. आम्हांला कळलें तेव्हां करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. तुम्ही तसें करूं नका." मग तिनें विचारलें, "तारीख कोणती? आदल्या दिवशीं खायला काय चालतें?"

इतकीं वर्षें संसार करूनही सासऱ्यांच्या आजाराची ही बाजू आम्हांस ठाऊक नव्हती. आमच्याप्रमाणेंच त्या घरानेंही ती दाराआड ठेविली होती.

दुसऱ्या दिवशीं मुलीच्या जुन्या वहीचीं कोरीं पानें आमच्यापुढें आलीं. काय खाल्लें, किती वेळां जावें लागलें, कळ केव्हां आली, हें दिवसांतून दोनदां लिहावयाचें. वजन आठवड्यांतून एकदां. मोबाईलचा रात्रींचा मुक्काम तांदळाच्या डब्यावर हलला. आणि संध्याकाळीं सहा ते साडेसहा गॅलरींत बसून वाटेल तितकी काळजी बोलून दाखवावयाची. चिंतेस घराबाहेर घालवितां येत नाहीं. पण तिला भेटीची वेळ ठरवून देतां येते. तिसऱ्या दिवशीं अर्धा तास पुरून उरला.

दुर्बिणीपेक्षां तिची पूर्वतयारीच आम्हांस कठीण गेली. मोठें आतडें सुमारें पांच फूट लांब. तें धुऊन निघाल्याखेरीज आंतलें दिसत नाहीं, म्हणून रेचकाचें दोन लिटर पाणी प्यावें लागलें. तपासणी गुंगींत झाली. कर्करोगासारखें कांहीं दिसलें नाहीं. परंतु लहान आतडें जेथें मोठ्यास मिळतें तेथें व्रण दिसले, आणि त्यांचे चिमुकले तुकडे तपासणीस गेले.

डॉक्टरांनीं वही लक्षपूर्वक वाचली व पुढील विलंबाचें कारण सांगितलें. असे व्रण आपल्याकडे मुख्यतः दोन रोगांत आढळतात: एक आतड्याचा क्षय, ज्याचा जंतु रॉबर्ट कॉक यांनीं १८८२ सालीं शोधून काढला, दुसरा न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं १९३२ सालीं वर्णिलेला दाह. दिसावयास दोन्ही सारखे; पण दुसऱ्यावरील औषधें शरीराची प्रतिकारशक्ति दाबतात, आणि क्षय असतां तीं दिलीं तर तो भडकतो. म्हणून घाई करावयाची नाहीं. आतड्यांतील कित्येक जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूस त्याकरितां बहुधा पंधरा ते वीस तास लागतात. प्रयोगशाळेंत तो वाढवून पाहावयास कित्येक आठवडे जातात. आमची वाट पाहणें ही कोणाची हयगय नसून त्या जंतूची चाल आहे, हें कळल्यावर आमची कुरकुर पुष्कळ कमी झाली.

हें लिहीत असतां तो अहवाल यावयाचा आहे. भीति गेली, असें म्हणणें खोटें होईल. ती रोज संध्याकाळीं सहा वाजतां येते. काल आम्ही गॅलरींत बोलतां बोलतां कॉकवरून क्रोनवर आलों होतों. इतक्यांत सौभाग्यवतीनें घड्याळाकडे पाहिलें आणि म्हणाली, "अहो, साडेसहा वाजले. आतां ही मेथी निवडा." आम्हीं जुडी पुढें ओढली आणि पानें खुडूं लागलों.