कुकरच्या तीन शिट्ट्या

कुकरची शिट्टी झाली की तुम्ही काय करता? गॅस बारीक करता, बरोबर? मी ओट्याखाली जाऊन बसायचे. दोन्ही हात कानांवर आणि डोळे घट्ट मिटलेले. वय वर्षं 27, शिक्षण एम.एस्सी. केमिस्ट्री, नोकरी बोईसरला, घर केळव्याला... आणि घाबरते कोणाला, तर कुकरला! हसू आलं ना? आता मलाही येतं. तेव्हा येत नव्हतं.

आईने मग कुकर लावणंच सोडलं. दोन-तीन महिने आमच्याकडे भात पातेल्यात शिजायचा आणि डाळ रोज थोडी कच्ची राहायची. बाबा मुकाट्याने जेवायचे.

तुमच्यासाठी केळवे म्हणजे वीकेंड. सुरूचं बन, समुद्र, थंडीतली उकडहंडी आणि रविवारी रात्री गच्च भरलेल्या लोकलने परत. आमच्यासाठी केळवे म्हणजे पानवेलीची वाडी, शितलादेवीचं देऊळ आणि पोटापाण्यासाठी बोईसर. केळवे रोडहून गाडी पकडायची, पालघर, उमरोळी, बोईसर. तिसऱ्या स्टेशनला उतरलं की तारापूर एमआयडीसीचा तो ओळखीचा वास.

मी एका केमिकल कंपनीत क्यूसी लॅबमध्ये होते. रिअ‍ॅक्टरमध्ये चाललेल्या मालाचं सँपल आमच्याकडे यायचं, आम्ही तपासायचो आणि प्लांटला सांगायचो, पुढे जा किंवा थांबा. सप्टेंबर 2022 मधली एक संध्याकाळ. सेकंड शिफ्ट. सँपलमधल्या पाण्याचं प्रमाण मी तपासलं, लिमिटमध्ये होतं. प्लांटला इंटरकॉम केला. पलीकडे ऑपरेटर काका.

‘‘मॅडम, जाऊ पुढे?’’

‘‘जा काका.’’

साधारण वीस मिनिटांनी आधी एक लांबलचक शिट्टीसारखा आवाज आला आणि मग लॅबच्या सगळ्या काचा आत आल्या.

काका भाजले, पण वाचले. त्यांच्यासोबतचा हेल्पर मुलगा गेला. मी त्याला रोज बघायचे. त्याचं नाव मात्र मला दुसऱ्या दिवशी पेपरमधून कळलं.

चौकशीत निघालं, की कूलिंगचा पंप बंद पडला होता आणि दुसरा सुरूच झाला नाही. माझं सँपल बरोबर होतं. कागदावर मी एकदम क्लीन. पण डोक्यात एकच शब्द अडकला होता. ‘जा.’

बोईसरच्या माणसाला असे आवाज नवीन नाहीत. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला, तो आवाज कितीतरी किलोमीटर लांब ऐकू आला होता. उत्तरेला डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसायला लागले, तेव्हा लोक थंडीत घराबाहेर झोपले. आमच्या भागात भीती भरपूर आहे, पण तिच्याबद्दल बोलायची पद्धत नाही. ‘‘वाचलीस ना? देवीची कृपा!’’ झालं, विषय संपला.

आजीने मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. आई म्हणाली, ‘‘बाय, देवीची ओटी भरून ये.’’ मी भरली. खोटं कशाला सांगू, देवळात बसून बरं वाटायचं. पण रात्री दोनला जाग यायची ती यायचीच. नोकरी सोडली. बोईसरला जाणारी गाडी बघितली तरी तळहात ओले व्हायचे.

आणि इथून सुरू झाला माझा थेरपिस्ट शोधण्याचा प्रवास. प्रवास कसला, शॉपिंगच! फक्त ट्रायल रूममध्ये रडू यायचं.

पहिला नंबर एका डॉक्टरांचा. त्यांनी चार मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता आईला म्हणाले, ‘‘हिचं लग्न करून टाका, मन रमेल.’’ झोप लागली. सकाळी उठल्यावर ‘जा’ तिथेच होता.

दुसऱ्या एक काउन्सेलर. छान ऑफिस, भिंतीवर सूर्योदयाचं पोस्टर. पहिल्याच तासात त्यांनी माझ्याकडून सगळी घटना अथपासून इतिपर्यंत वदवून घेतली. काच, धूर, वास, सगळं. मग घड्याळ बघून म्हणाल्या, ‘‘बाळ, पास्ट इज पास्ट. पॉझिटिव्ह विचार कर.’’ परत येताना वैतरणा पुलावर गाडीत माझा श्वास अडकला. लेडीज डब्यातल्या एका भाजीवालीने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केळवे रोडपर्यंत थोपटत राहिली. खरं सांगू? त्या दिवशीची थेरपी तिनेच केली.

त्यानंतर मी ठरवलं, बस! आपल्यातच काहीतरी खोट आहे, थेरपी आपल्यासाठी नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ही. चप्पल चावली म्हणून कोणी चालणं सोडतं का? मी सोडलं होतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये एका रात्री मोबाइलवर 14416 डायल केला. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली, फुकट आणि चोवीस तास. पलीकडून मराठीत आवाज आला. त्या बाईंनी मला एक गोष्ट विचारली, जी तोवर कुणीच विचारली नव्हती, ‘‘आत्ता, या क्षणी, तुम्ही सुरक्षित आहात ना? कुठे बसला आहात?’’ मी म्हटलं, ‘‘पडवीत.’’ ‘‘काय दिसतंय?’’ मी म्हटलं, ‘‘वाडी. पानवेली. आमचा कुत्रा.’’ पाच-दहा मिनिटांत श्वास ताळ्यावर आला. त्यांनीच समजावलं, की मला जे होतंय त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जावं आणि ट्रॉमाचं काम करणारी व्यक्ती आहे का ते आधीच विचारून घ्यावं.

तशा तिसऱ्या मॅडम मिळाल्या. बोरिवलीला. डहाणू लोकलने थेट.

पहिलं सेशन मला अजून आठवतं. त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही म्हणू की तू?’’ मग, ‘‘कुठल्या खुर्चीत बसायचंय?’’ मी दार दिसेल अशी खुर्ची घेतली. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला तशी मी दचकले, त्यांनी न बोलता एसी बंद केला. मार्च महिना! दोघीही घामाघूम. आणि मग त्या म्हणाल्या, ‘‘त्या दिवसाबद्दल आज काहीच सांगायचं नाही. सांगायचं की नाही आणि कधी, ते तू ठरवायचंस. आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर हात वर कर. मी थांबेन.’’

मी ट्रायल म्हणून लगेच हात वर केला. त्या खरंच थांबल्या!

मला जे झालं होतं त्याला पीटीएसडी म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये हे नाव 1980 मध्ये आलं. घटनेनंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप कमीही होतं. महिना उलटला तरी ते तसंच राहिलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर मात्र मदत घ्यायची. मॅडम म्हणायच्या, तुझ्या मेंदूतला फायर अलार्म बिघडलेला नाही, तो नको तितका इमानदार झालाय. चहाच्या वाफेलाही वाजतो. आपण तो तोडायचा नाही, त्याला पुन्हा शिकवायचं.

शिकवणी अशी. आधी कुकर. आई स्वयंपाकघरात, मी वाडीच्या टोकाला. दुसऱ्या आठवड्यात पडवीत. मग दारात. आई आतून ओरडायची, ‘‘बाय, आता होईल हां शिट्टी!’’ मग बोईसर. पहिल्यांदा फक्त पालघरपर्यंत. मग बोईसरचा प्लॅटफॉर्म, एक चहा आणि परत. घाबरत का होईना, पण भीती उतरेपर्यंत तिथेच बसायचं, पळायचं नाही. हा सगळा फंडा.

सातव्या की आठव्या सेशनला मी ‘जा’ सांगितलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, ‘तुझी चूक नाही गं.’ हे वाक्य तोवर इतक्या जणांनी ऐकवलं होतं की त्याचा अर्थच उडाला होता. त्या तसं म्हणाल्या नाहीत. कागदावर मध्ये रेघ मारली. डावीकडे लिही, ‘जा’ म्हणताना तुला काय माहीत होतं. उजवीकडे लिही, आज काय माहीत आहे. डावीकडे आलं, सँपल लिमिटमध्ये. उजवीकडे पंप, काचा, तो मुलगा, त्याचं नाव. अख्खा कागद बघून मी खूप वेळ गप्प बसले. सहा महिने मी उजवीकडची माहिती घेऊन डावीकडच्या मुलीला शिक्षा देत होते.

मग रडले. त्या मुलासाठी. त्याआधी मी फक्त माझ्या अपराधासाठी रडत होते, त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. थेरपीने तो परत येत नाही. कुठलीच मॅडम ते करू शकत नाही, आणि माझ्या मॅडमनी तसं भासवलंही नाही. मला वाटतं, करुणा म्हणतात ती हीच. गोड बोलणं वेगळं आणि माणसाला त्याच्या वेगाने खरं बघू देणं वेगळं.

आता थोडं कामाचं. ‘काउन्सेलर’ ही पाटी लावणाऱ्यांचं शिक्षण वेगवेगळं असतं, तेव्हा विचारा. बिनधास्त विचारा! क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन असतं. औषधं लिहून देतो तो सायकिअ‍ॅट्रिस्ट, आणि गोळ्या लागल्या तर त्यात कमीपणा नाही. पहिल्या फोनवर तीन प्रश्न विचारा. माझ्यासारख्या केसेस तुम्ही केल्या आहेत का? काम साधारण कसं चालेल? मला जमलं नाही तर काय? तिसऱ्या प्रश्नावर जो चिडेल, त्याला टाटा. फीबद्दलही बोला. मी नोकरी नाही म्हटल्यावर मॅडमनी फी कमी केली. मानसिक आरोग्य कायदा 2017 सांगतो, की विमा कंपन्यांनी मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच कव्हर द्यायचं. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये ओपीडीचा खर्च येत नाही, तेव्हा ऑफिसची पॉलिसी एकदा नीट वाचा.

आज मी अंधेरीत एका ऑफिसात क्वालिटी डॉक्युमेंट्स बघते. प्लांटवर परत जाईन का? माहीत नाही. पुढच्या डिसेंबरात मात्र मी काकांकडे गेले, पालघरला. इतके महिने टाळत होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. मी सगळं बोलून टाकलं, ‘जा’सकट. ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही नसतं म्हटलं तर मी अजून पाच मिनिटांनी फोन केला असता. माल थांबत नाय.’’ आणि आत बघून ओरडले, ‘‘अगं, चहा टाक. मॅडम आल्यात.’’

आत कुकर लावलेला होता. पहिली शिट्टी झाली. छाती धडधडली. दुसरी झाली. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यांचाही हात खुर्चीला घट्ट धरलेला होता.

तिसरी होईपर्यंत आम्ही दोघंही बसून राहिलो. मग चहा आला.